थोरली बोलती, धाकटी बाजार करती

खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी माझ्या हातात पेपर ठेवला आणि म्हणाले, "वाचा."

"काय वाचू?"

"जे दिसंल ते."

मला वाटलं, म्हाताऱ्याला बातम्या ऐकायच्या असतील. मी वरची मोठी बातमी वाचली, तिच्या खालची वाचली आणि पान उलटायला लागलो. "थांबा," ते म्हणाले, "त्याच पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात काय हाय?" कोपऱ्यात मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात होती. ती मी ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोसमोर मोठ्यानं वाचली, खालच्या पथ्यपाण्यासकट. माझे कान तापले होते. मालक मात्र खूश. "ह्याच्या आधी जो आला होता, त्यानं ही गाळली," ते म्हणाले. "खोली तुमची." पेपर जुनाच होता. भाडेकरूंच्या परीक्षेसाठी त्यांनी तो राखून ठेवला होता.

लोहाऱ्याला माझी बदली नुकतीच झाली होती. माझं गाव सोनारी, परंड्याकडचं. जिल्हा एकच, पण टोकं दोन. कचेरीतल्या शिपायानं मला सांगितलं होतं, "गुरुजींची खोली हाय, झकास हाय, फक्त मालक जरा वेगळं हायती." वेगळं म्हणजे काय, विचारलं तर नुसता हसला. त्यांना दिसत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं. आणि वेगळेपणा त्यात अजिबात नव्हता, हे कळायला आणखी थोडे दिवस लागले.

गुरुजी एका निवासी अंधशाळेत शिक्षक होते, मी गेलो तेव्हा पेन्शनर. नजर कॉलेजात असताना हळूहळू गेलेली. म्हणजे अक्षरं, माणसं, रंग, बैलं, सिनेमे, सगळं आधी बघून झालेलं. त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. कुणी हळहळलं की म्हणायचे, "माझं बघून झालंय सगळं. तेच तेच परत काय बघायचं?" मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी गाव विचारलं आणि मी सोनारीकर झालो तो झालोच. काकूसुद्धा मला तेच म्हणायच्या.

संध्याकाळ झाली की घरातला एकूण एक दिवा गुरुजी स्वतः लावत. भिंतीला हात लावत लावत, न्हाणीतलासुद्धा. काकू ओरडायच्या, "कुणासाठी जाळायलात एवढी लाईट?" तर उत्तर ठरलेलं. "आल्यागेल्याला अंधारात दिसत न्हाय बिचाऱ्याला." बाहेर पडताना पांढरी काठी घ्यायचे नाहीत, छत्री घ्यायचे. भर उन्हाळ्यातही मिटलेली छत्री. मी कारण विचारलं. "काठी बघितली की लोक वाट सोडत्यात," ते म्हणाले, "छत्री लागली की भांडत्यात. मला भांडणारी माणसं बरी वाटत्यात." आणि खरंच, स्टँडवर जीपवाल्यांशी त्यांची रोजची बाचाबाची असायची. जीपवाले त्यांना सोडून दुसऱ्या कुणाला पुढची सीट द्यायचे नाहीत, ते वेगळं.

पण त्यांचा मुख्य छंद म्हणजे लोकांनी काय गाळलं ते पकडणं. त्यांचं ठाम मत होतं की डोळस माणूस दुसऱ्यासाठी वाचताना गाळतो. जन्मभर त्यांना कुणी ना कुणी वाचून दाखवलेलं. "भाऊ मयताच्या बातम्या गाळायचा, मला वाईट वाटंल म्हणून. शाळेतले मास्तर माझ्यावरची टीका गाळायचे, मला वाईट वाटंल म्हणून. पुतण्या तर निम्मंच वाचतो, त्याला कंटाळा येतो म्हणून. अहो, वाईट वाटून घ्यायचं का न्हाय ते माझं मी ठरवीन की! तुम्ही कोण?" हे बोलताना ते खरोखर चिडायचे, आवाज चढायचा, आणि मी कोण म्हणून मलाच जाब द्यावा लागायचा.

न गाळणारी एकच होती घरात. तिला ते थोरली म्हणायचे.

थोरली म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम. एकाच डब्यात दोन सिस्टीम होत्या, एक जुनी, एक नवी. चालू करताना सांगायचं की आज कुठली. जुनीत मराठी वाचणारा एक बोलका प्रोग्राम बसवलेला होता. तो नव्या सिस्टीमवर काही केल्या चालत नव्हता. नवीत इंटरनेट होतं, ते जुनीला पेलत नव्हतं. म्हणून दोघींना एका घरात नांदवायची ही सोय. गुरुजींनी दोघींची कामं वाटून दिली होती. "धाकटी बाजार करून आणती, थोरली रांधून वाढती." रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी मी धाकटी सुरू करायचो, इंटरनेटवरून बातम्या, अग्रलेख, पावसापाण्याचं, सगळं उतरवून दोघींच्या सामाईक जागेत टाकायचो. त्या जागेला गुरुजी माजघर म्हणायचे. मग मशीन बंद करून मी निघायचो आणि गुरुजी थोरलीला उठवायचे. खोलीच्या भाड्यातला निम्मा हिशेब ह्या बाजारातच मिटायचा.

उठवायची रीतही त्यांची होती. मशीन सुरू झाल्यावर पडद्यावर दोघींची नावं येतात, पण ती येतात मुक्यानं. त्या वेळी कुणीच बोलत नाही. गुरुजी बटण दाबून 'टुक' आवाजाची वाट बघायचे, आवाज आला की डोळे मिटून सवायकीचा, म्हणजे सव्वाचा, पाढा म्हणायला लागायचे, आणि एका ठरावीक ठिकाणी पाढा तोडून वरचा बाण आणि एंटर दाबायचे. कधी चुकलं नाही. डोळे का मिटायचे ते मात्र मला कधी कळलं नाही.

थोरलीचा आवाज बाप्याचा होता. नाकातला, एकसुरी, आणि गुरुजींनी वेग इतका वाढवून ठेवलेला की दुसऱ्या कुणाला अक्षर कळू नये. स्वल्पविरामसुद्धा 'स्वल्पविराम' म्हणून वाचायची. "गिरणी चालू झाली बघा," काकू म्हणायच्या. फार वेळ चालली की, "माझ्या दोन सवती त्या. एक मुकी अन् एक थांबंना." ह्यावर गुरुजी आतून ओरडायचे, "थोरली गाळत न्हाय, म्हणून ती थोरली!"

आता कुणी म्हणेल, आजकाल मोबाईलसुद्धा छान मराठी बोलतो, मग हा पसारा कशाला? पुण्याचा पुतण्या हेच म्हणायचा. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. ह्या पुतण्याला त्यांनीच शिकवलं होतं, तो एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि मनानं चांगला होता. त्यानं एक बोलणारा मोबाईल आणून दिला, मग एक लॅपटॉप आणला. दोन्ही कपाटात गेले. अडचण अशी की साखरेच्या आजारानं गुरुजींची बोटं बधिर झाली होती. ब्रेल कधीच सुटलं होतं. मोबाईलच्या काचेवर बोट कुठं पडलं ते त्यांना कळायचं नाही, आणि लॅपटॉपच्या चपट्या बटणांची तीच गत. थोरलीच्या जुन्या, उंच, खडखडणाऱ्या बटणांवर त्यांनी एम-सीलचे टिपके लावून घेतले होते. तेवढंच त्यांच्या बोटांना लागायचं. "ह्या घरात माझी बोटं तिच्यापुरतीच शिल्लक हायती," असं ते एकदा मला म्हणाले. तेव्हा मात्र आवाज चढलेला नव्हता.

पुतण्यानं काकांशी एक बोली केली होती. काका, तुमचं तुम्हाला वाचता येतंय तोवर लोहाऱ्यात राहा. ज्या दिवशी ते मशीन बंद पडेल, त्या दिवशी दोघांनी पुण्याला यायचं, ह्या घराला कुलूप. गुरुजींनी तोऱ्यात हो म्हटलं होतं. थोरली कशाला बंद पडतीय! काकूंना कुणी विचारलं नव्हतं. पुण्यात नळाला पाणी, दवाखाना जवळ, त्या तयारच असणार असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

आणि मग आली खंडेनवमी.

काकूंचं माहेर आळंदच्या बाजूचं, म्हणजे कर्नाटकातलं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी अक्षरं त्या लग्नानंतर एस.टी.च्या पाट्यांवरून शिकल्या. पण सणावाराचं सगळं त्यांचं पक्कं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. विळा, खुरपी, कुऱ्हाड, अडकित्ता. गुरुजींची छत्रीसुद्धा त्या मांडायच्या. आणि पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत चालवायचं नाही. कॉम्प्युटर हेही गुरुजींचं हत्यारच, म्हणून दर वर्षी त्याचीही पूजा. दर वर्षी गुरुजी थोरलीला रीतसर झोपवायचे आणि मग बाजूला व्हायचे.

त्या वर्षी ते काहीतरी ऐकण्यात गुंग होते. काकूंनी हाक मारली, ते म्हणाले, आलोच. पुन्हा हाक मारली, पुन्हा आलोच. निरांजन तयार, वेळ चाललेली. काकू आत गेल्या आणि त्यांनी भिंतीतली पिन सरळ उपटली. खाली यूपीएस नावाचा डबा होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. थोरलीचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. माझ्या खोलीत मला ते ऐकू आलं.

"अगं, काय केलंस!"

"चालत्या हत्याराची पूजा करत असत्यात व्हय? सरका तिकडं."

त्यांनी डब्याला पाच बोटं हळदीची ओढली, कुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला. गुरुजी चरफडले, पण रीत त्यांनीही मोडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याची पानं देऊन घेऊन झाल्यावर त्यांनी पिन लावली, बटण दाबलं, 'टुक' झालं, पाढा म्हटला, बाण, एंटर. आणि बसून राहिले. थोरली बोलेना. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. बोलेना.

"सोनारीकर, जरा या," त्यांनी हाक मारली. "पडद्यावर काय हाय ते वाचा. सगळं वाचा."

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. सिस्टीमची एक फाईल सापडत नाही किंवा खराब झाली आहे, असा मजकूर आणि त्या फाईलचा लांबलचक पत्ता. मी वाचून दाखवला. गुरुजी म्हणाले, "थोरलीची याददाश्त गेली."

दारात काकू उभ्या होत्या, हातात आपट्याची पानं तशीच. "अय्यो," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं की हे." गुरुजींनी नुसतं बटण दाबून मशीन बंद केलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

रविवारी पुतण्याचा फोन आला. काकूंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगून टाकलं. पुतण्या म्हणाला, काही काळजी करू नका, दिवाळीत गाडी घेऊन येतो, कपडे आणि औषधं तेवढी बांधून ठेवा.

मी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याला घरी घेऊन आलो. त्यानं हार बाजूला करून बघितलं आणि हसत सुटला. "गुरुजी, जुनीला किती दिवस सांभाळता? सगळं फॉरमॅट मारतो, नवी एकटीच ठेवतो. न्हायतर सीडीनं जुनी परत वरून बसवतो." गुरुजी म्हणाले, "वरून बसवली तर थोरली दारात फतकल मारून बसंल अन् धाकटीला घरात येऊ द्यायची न्हाय. अन् माझा बोलका प्रोग्राम परत कोण बसवणार? तो करणारा माणूस कुठं हाय, मला ठाऊक न्हाय. तुम्ही चहा घ्या अन् जावा." तो चहा न घेताच गेला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, असं मला तेव्हा वाटत होतं. कुणीही हेच केलं असतं.

ते दिवस वाईट गेले. सकाळी मी वाचायचो, घाईत. दिवसभर गुरुजी खुर्चीत बसून एम-सीलच्या टिपक्यांवरून बोटं फिरवायचे. दिवे लावायचं सोडलं. जीपवाला भांडायला आला, तर त्याच्याशीही नीट बोलले. काकू घाबरल्या. एका दुपारी त्या पेपर घेऊन त्यांच्यापुढं बसल्या आणि वाचायला लागल्या. "जि... ल्हा... धि... का... ऱ्यां... नी..."

गुरुजी खेकसले, "अगं, तुझी एक ओळ व्हायला माझं आयुष्य जाईल!"

"मग जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "कुठं जायचंय तुम्हाला?" आणि पुढचं अक्षर लावायला लागल्या.

त्यांच्या वाचण्यात एक गोष्ट होती. त्या प्रत्येक अक्षराशी झटायच्या, त्यामुळं कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं फालतू हे त्यांना वाचून संपेपर्यंत कळायचंच नाही. पुढं त्या बातमीदाराचं नाव वाचायच्या, पानाचा नंबर वाचायच्या. गुरुजी सुरुवातीला वैतागायचे, मग नुसते ऐकायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला वाचायला बसवावं हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. संथ वाचते म्हणून.

दिवाळी जवळ आली तशी एका सुट्टीच्या सकाळी गुरुजींनी मला बोलावलं. ते नेहमीसारखे ताठ बसले होते. "मला आठवलंय," ते म्हणाले. "थोरली अधूनमधून आपल्या याददाश्तीची नक्कल काढून फडताळात लपवून ठेवती. धाकटीला उठवा. तिच्या दारातून थोरलीच्या घरात शिरायचं, अन् ती नक्कल काढून जागेवर ठेवायची. तुम्ही डोळे, मी डोकं. अन् सोनारीकर, गाळू नका."

धाकटी उठली. तिच्यातून जुनीची जागा उघडली, लपवलेले कप्पे दिसतील असं केलं. एक कप्पा उघडला, त्यात दुसरा, त्यात आकड्यांची लांब लांब नावं असलेले बरेच कप्पे. गुरुजी एकेक नाव, एकेक तारीख वाचून घेत होते. मी म्हटलं, सगळ्यात शेवटची घेऊ. "शेवटची नको, खंडेनवमीची असंल. पोळ्याच्या सुमाराची बघा." सापडली. आत फायली होत्या. मी वाचलं, "रजिस्ट्री, मशीन, सिस्टीम."

"त्याच्या आधी काय हाय?"

"काही नाही."

"नीट बघा. आडवी रेघ असंल."

होती. अगदी सुरुवातीला एक आडवी रेघ होती, मी ती गिळली होती. गुरुजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून मला त्यांचा संताप आला. एवढं सगळं पणाला लागलेलं, आणि ह्यांना आनंद कशाचा, तर माझी रेघ पकडल्याचा! मग त्यांनी सांगितलं तसं मी केलं. खराब झालेली फाईल पुसली नाही, तिचं नाव बदलून बाजूला ठेवली. पोळ्याची नक्कल तिच्या जागी नेली, आणि तिला नेमकं तेच नाव दिलं. मशीन बंद केलं.

"व्हा बाजूला," गुरुजी म्हणाले. बटण. टुक. पाढा. ह्या वेळी त्यांचा पाढा एकदा अडखळला. बाण, एंटर. काकू दाराला धरून उभ्या होत्या. डब्यातला पंखा घरघरत राहिला, आणि मग तो नाकातला बाप्याचा आवाज एका दमात काहीतरी बोलून गेला. मला एक शब्द कळला नाही आणि मला एकदम भरून आलं. काकू तर पदर लावून रडायलाच लागल्या. गुरुजींनी खुर्ची मागं सरकवली, "चहा ठेव," म्हणाले, आणि मला म्हणाले, "आडवी रेघ गाळली होतीत." बरं झालं, आभारी आहे, असलं काही नाही.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुमची बदली कधी?" कचेरीत नुसती कुजबुज होती, मी घरी बोललोही नव्हतो. "व्हायची आज ना उद्या," मी म्हटलं.

"मग थोरली पुन्हा मुकी झाली तर पडदा कोण वाचणार?"

"दुसरा भाडेकरू येईल की."

"भाडेकरू येतो अन् जातो," ते म्हणाले आणि कपबशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक नवाच प्रकार सुरू झाला. मी जेवायला घरी आलो तर दोघं नवराबायको परातीसमोर बसलेले. परातीत ज्वारीचं पीठ पसरलेलं. मला वाटलं भाकरीची तयारी. तर गुरुजी बोटानं पिठात इंग्रजी अक्षर काढत होते, आणि काकू ते बघून म्हणत होत्या, "आर." गुरुजींनी पीठ हातानं सारखं केलं, दुसरं काढलं. "के." "के न्हाय, एक्स. दोन हात अन् दोन तंगड्या असल्या की एक्स." काकू मला बघून लाजल्या. "ह्यांचं आपलं काहीतरीच," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. शाळेतला मास्तर गुरुजींच्या अंगात परत आलेला दिसत होता, छडी तेवढी नव्हती. शिकून झालं की त्याच पिठाच्या भाकरी व्हायच्या.

दिवाळीत पुतण्या गाडी घेऊन आला. थोरली बोलायला लागल्याचं त्याला फोनवर कळलं होतं, पण त्यानं बेत बदलला नव्हता. फराळ झाल्यावर तो गुरुजींपुढं बसला. "काका, मी भांडायला नाही आलो. पण त्या दिवसांत काकूंचा आवाज ऐकलाय मी फोनवर. हे मशीन आज चालतंय, उद्या पुन्हा बंद पडेल. प्रत्येक वेळी मी पुण्याहून कसा येऊ?"

"बंद पडल्यावर बघू," गुरुजी म्हणाले. "आधी ऐक तर." त्यांनी थोरलीला सुरू केलं आणि अग्रलेख लावला. गिरणी सुरू झाली. पुतण्याच्या तोंडावर नुसता गोंधळ. "काका, हे काय बोलतंय? एक शब्द कळत नाही मला." गुरुजी हसत होते, आणि तेवढ्यात लाईट गेली.

आवाज पुन्हा शब्दाच्या मधोमध तुटला. दिवाळीचा दिवस, भर दुपार, आणि आमच्या लोहाऱ्याची लाईट! पुतण्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट तो ओशाळला होता, जणू त्यानंच घालवली. थोड्या वेळानं लाईट आली. गुरुजींनी बटण दाबलं. टुक, पाढा, बाण, एंटर. शांतता. पंखा चालू, आवाज नाही.

गुरुजींचे हात बटणांवर तसेच थांबलेले. पडद्यावर निळ्या रंगात पांढरी अक्षरं आलेली मला दाराजवळून दिसत होती, वाचता मात्र येत नव्हती. मी पुढं सरकलो.

"तुम्ही बसा, सोनारीकर," गुरुजी म्हणाले. आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "अगं, ये. पडदा वाच."

काकू हात पुसत आल्या. पुतण्या म्हणाला, "काका, ते इंग्रजीत आहे."

"असू दे."

काकूंनी पडद्याजवळ तोंड नेलं. एका बोटानं अक्षर दाखवत, एकेकाला थांबत त्या वाचायला लागल्या. "ओ. एन. ई. मोकळी जागा. ओ. एफ. मोकळी जागा. वाय..." त्यांनी एक अक्षर सोडलं नाही, एक टिंब सोडलं नाही. घामानं कपाळावरचं विभूतीचं बोट ओलं झालं होतं. गुरुजी मान हलवत शब्द जुळवत होते. 'डिस्क' आणि 'चेक' एवढं आलं तसे ते एकदम म्हणाले, "बास. कुणी काही दाबू नका. लाईट गेली म्हणून ती आपलं आपण घर झाडून घ्यायलीय. दाबलं तर अर्ध्यात सोडंल. आकडा हलतोय का खाली?"

"हलतोय," काकू म्हणाल्या. "वाढायलाय."

"मग हलू दे."

आम्ही चौघं पडद्याकडं तोंड करून बसून राहिलो. काकू मधूनमधून आकडा सांगत होत्या. आकडा संपला, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि थोरली नाकात बोलली. पुतण्या काकूंकडं बघत होता. "काकू, तुम्हाला इंग्रजी कधीपासून येतं?"

"मला कुठलं येतंय बाबा," काकू म्हणाल्या. "अक्षरं माझी, अर्थ ह्यांचा."

पुतण्याला हसू आलं, पण तो हट्ट सोडणारा नव्हता. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "मग पुण्याचं काय करायचं, काकू? तुम्ही सांगा."

गुरुजींनी मान वळवली. मला वाटतं, त्यांनाही हे उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांचं बोट टिपक्यावरून उचललं गेलं होतं.

"आमी न्हाय येत," काकू म्हणाल्या. "माझी शाळा चालू हाय इथं. अक्षरं झाली, अर्थ राहिलाय अजून."

पुतण्या रात्री निघणार होता, तो संध्याकाळीच निघाला. दोघांचं सामान बसावं म्हणून गाडीची डिकी तो रिकामी करून आला होता. काकूंनी मला हाताशी घेऊन तिच्यात ज्वारीचं एक पोतं ठेवायला लावलं.